पंधरा दिवसांची बेगमी

(आजच्या भागात जे बोललो, त्याचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातल्या दोन-चार गोष्टी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून नीट केल्या आहेत.)

आजचा विषय जरा घरगुती आहे. अगदी स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत जाणारा. तरी पुढचा भाग लावू नका, कारण हा विषय फक्त आईचा आणि आजीचा आहे असं आपण समजतो, आणि तिथंच गडबड होते.

एक प्रश्न विचारतो. उद्या सकाळपासून पंधरा दिवस दुकानं उघडली नाहीत, तर तुमच्या घरात किती दिवसांचं जेवण आहे? गावाकडच्या घरात राहणाऱ्यांना थोडाफार अंदाज असेल. पण नगरला, पुण्याला, सुप्याच्या एमआयडीसीत खोली करून राहणाऱ्यांनी जरा आठवून बघा. नूडल्सची दोन पाकिटं, अर्धा किलो पोहे, बिस्किटांचा पुडा आणि फोनमध्ये तीन डिलिव्हरी ॲप. थोडक्यात, फोन चार्ज आहे तोवर जेवण आहे.

आता मे महिना चालू आहे. आपल्याकडे घराघरांत वाळवणं घालायचे हे दिवस. म्हटलं, याच मुहूर्तावर बोलू.

शब्द आधी नीट समजून घेऊ

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: बेगमी. पावसाळ्याची बेगमी, चाऱ्याची बेगमी, सरपणाची बेगमी. पुढं जे लागणार आहे ते आधीच, सवडीनं, मोजूनमापून जमवून ठेवायचं.

दुसरा शब्द आहे साठेबाजी. माल दाबून ठेवायचा आणि भाव चढला की विकायचा. त्याच्यासाठी 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे आणि तो व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालू शकतो. घरात पंधरा दिवसांचं धान्य ठेवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे घाबरून केलेली खरेदी. 2016 चा नोव्हेंबर आठवतोय? नोटाबंदी झाली आणि त्याच आठवड्यात देशात बऱ्याच ठिकाणी अफवा पसरली की मीठ संपलं. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ संपलं! तरी लोक रांगा लावून चढ्या भावानं मीठ घेत होते. चार दिवसांनी अफवा विरली आणि मिठाच्या पिशव्या घरात पडून राहिल्या.

या तिन्हींत माल तोच असतो, फरक असतो वेळेचा. बेगमी शांत दिवसांत होते. घाबरून केलेली खरेदी नेमकी त्या दिवशी होते, ज्या दिवशी दुकानात सगळ्यांनाच जायचं असतं. हा मुद्दा मनात ठेवा, पुढं लागणार आहे.

एकाच जिल्ह्यात दोन बेगम्या

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर (बोलताना माझ्या तोंडात नगरच येतं, सांभाळून घ्या), हा बेगमी शिकण्यासाठी भारी आहे. कारण इथं दोन्ही टोकं आहेत.

पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर. घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, इतका पाऊस. तिथली जुनी पद्धत अशी, की मृग लागायच्या आत तांदूळ, नागली, वरई, मीठ, मिरची, तेल, रॉकेल, सुकं सरपण, सगळं घरात आलं पाहिजे. कारण एकदा झड लागली की ओढ्यांना पाणी, रस्ता बंद, आणि ओलं लाकूड काही पेटत नाही. तिथली बेगमी पावसापासून वाचायची.

पूर्वेला आणि दक्षिणेला या. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी. हा पर्जन्यछायेचा मुलूख. इथली बेगमी पाऊस येणारच नाही या धास्तीची. बाजरी आली की वर्षाची बाजूला, ज्वारी आली की वर्षाची बाजूला. आणि नुसत्या माणसांचं बघून भागत नाही. कडब्याची गंजही तितकीच महत्त्वाची, कारण दावणीची जनावरं उपाशी राहिली तर पुढचं वर्षही हातचं जातं. 2019 च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या होत्या. ज्यांनी ते बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

याच पट्ट्यातले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, तेव्हा गाडीत बाजरीची पोती असतात. पाच-सहा महिने, माणसं इतकी, रोजच्या भाकरी इतक्या, असा हिशेब करून भरलेली. ज्याला आपण आज इंग्रजीत फूड प्लॅनिंग म्हणतो, ते हे लोक कागद न घेता करतात.

चार संकटं, चार वेगवेगळे धडे

आता थोडा इतिहास, पण लांबण लावत नाही.

पहिलं, 1972. माझी आजी पारनेर तालुक्यातली. बहात्तरला ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा अडचण होती ती दाण्याची. विहिरींना थोडंफार पाणी होतं, पण कोठ्या रिकाम्या झाल्या होत्या. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची आणि कामावर सुकडी वाटायचे. मिलोचं नाव काढलं की आजी तोंड वाकडं करायची आणि लगेच म्हणायची, "पण तिनंच जगवलं बाबा." मजुरी आठवड्याला मिळायची. म्हणून मिळालेला दाणा ती पहिल्याच दिवशी सात दिवसांत वाटून ठेवायची. रोज मापट्यानं मोजून जात्यावर घ्यायची आणि त्या मापट्यातली एक मूठ परत डेऱ्यात टाकायची. सातव्या दिवशी त्या सात मुठी कामाला यायच्या. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच दुष्काळातून पुढं आली, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. आजीची ती सात मुठींची योजना मात्र कुठल्याही पुस्तकात नाही.

दुसरं, 2013. त्या उन्हाळ्यात दुकानात धान्य होतं, रेशन चालू होतं, पण पाणी नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेव्हा एकच वाक्य होतं: बहात्तरला दाणा नव्हता, आता पाणी नाही. टँकर कधी येणार यावर अख्ख्या गावाचं वेळापत्रक ठरायचं. म्हणजे नुसती धान्याची कोठी भरून भागत नाही. शिजवायला पाणी नसेल तर डाळ-तांदूळ म्हणजे नुसते खडे.

तिसरं, 2020. हे तर आपण सगळ्यांनीच बघितलंय. 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. धान्यही होतं, पाणीही होतं. पण रस्ता बंद होता आणि हातातलं काम बंद होतं. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात त्या रात्री जी रांग लागली, ती मी अजून विसरलो नाही. पुढच्या लोकांनी आट्याच्या पाच-पाच पिशव्या उचलल्या. आमच्या गल्लीत रंगकाम करणारे एक दादा राहायचे. त्यांचे पैसे ठेकेदाराकडं अडकलेले. ते तिसऱ्या दिवशी कुठून तरी पाचशे रुपये उसने घेऊन दुकानात आले, तेव्हा आटा संपला होता. आता नीट बघा, गल्लीतला एकूण आटा काही कमी नव्हता. तो फक्त चार घरांत जाऊन बसला होता.

त्याच वेळी ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. हंगाम संपत आलेला, म्हणजे बरोबर नेलेली बाजरीही संपत आलेली. हिशेब चोख होता, पण तो घरी परतायच्या तारखेपर्यंतचाच होता. पुढं एप्रिलपासून सरकारनं रेशनकार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य जादा आणि मोफत द्यायला सुरुवात केली. शिवभोजन थाळी दहा रुपयांची होती, ती पाच रुपयांना केली. त्यानं खूप लोकांना हात मिळाला. पण पहिल्या बातमीपासून मदत दारात येईपर्यंत जे दिवस जातात, ते घरातल्या डब्यावरच काढावे लागतात.

चौथं, 2025 चा सप्टेंबर. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडं इतका पाऊस झाला की शेतं, रस्ते, घरं पाण्यात गेली. वर्षभराची कोठी भरलेली असली आणि ती जमिनीवर ठेवलेली असली, तर दारात आलेल्या पाण्यापुढं तिचा काय उपयोग?

चार संकटं, आणि प्रत्येक वेळी वेगळीच गोष्ट संपली. दाणा, पाणी, रस्ता, कोरडी जागा. म्हणून कुणी जर सांगितलं, की अमुक एक किट विकत घ्या आणि निर्धास्त व्हा, तर त्याला विचारा, यातल्या कोणत्या संकटाचं किट?

पेव आणि कणगी

जुन्या लोकांनी साठवणीचं तंत्र किती पक्कं केलं होतं, ते सांगण्यासारखं आहे.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. आतून कडबा किंवा पेंढा लावायचा, धान्य भरायचं, वर फरशी ठेवायची आणि तोंड मातीनं लिंपून हवाबंद करायचं. आत दाणेही श्वास घेतात, किडेही घेतात. हळूहळू ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. औषध नाही, पावडर नाही. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, दिवा सोडून बघायचा, आणि दिवा विझला तर माणसानं आत पाय घालायचा नाही. हल्ली धान्यासाठी ज्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व अगदी हेच. आणि एखाद्या गोष्टीचं "पेव फुटलं" असं आपण म्हणतो ना, तो शब्द इथलाच.

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची नाहीतर तुरीच्या काड्यांची विणलेली उभी टोपली, शेणामातीनं सारवलेली. वाड्यांमध्ये बळद असायचं, भिंतीत किंवा जमिनीखाली बांधलेलं. मग पत्र्याची कोठी आली आणि हे सगळं मागं पडलं. कोठीही चांगलीच आहे. पण कोठीबरोबर आपण जो मोजायचा रिवाज सोडला, तो सोडायला नको होता.

एका यादीतली दोन नावं

2020 च्या जानेवारीत पद्मश्रीची यादी जाहीर झाली. त्यात आपल्या जिल्ह्यातली ही नावंही होती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली.

राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचं बियाणं जमवलं, जपलं, वाटलं. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. बघा, घरातलं धान्य संपलं तर एक हंगाम ओढाताणीत जातो. बियाणं संपलं तर पुढचा हंगाम दुसऱ्याच्या दारात उभं राहून काढावा लागतो. आणि बियाणं कुलपात ठेवून टिकत नाही. ते पेरावं लागतं, पिकवावं लागतं, परत साठवावं लागतं. साठा फिरता राहिला तरच जिवंत राहतो. हीच गोष्ट तुमच्या डाळीच्या डब्यालाही लागू आहे, ते पुढं सांगतो.

हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला ते मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पेरणीही त्याच मापाची. गावाला जे जमतं, ते चार माणसांच्या घराला जमायला काय हरकत आहे?

आणि तिसरं गाव राळेगणसिद्धी. तिथं अण्णा हजारेंच्या पुढाकारानं 1980 च्या सुमाराला धान्य बँक सुरू झाली. ज्याच्याकडं जास्त पिकलं त्यानं धान्य द्यायचं. ज्याच्याकडं कमी पडलं त्यानं उसनं न्यायचं, आणि पीक आल्यावर घेतलेलं धान्य वर थोडं घालून परत करायचं. त्यामुळं अडीनडीला सावकाराकडं जायची वेळ येत नव्हती आणि सुगीतच पडेल भावात धान्य विकून टाकायची घाईही करावी लागत नव्हती.

मोजणं, फिरतं ठेवणं आणि वाटून घेणं. बेगमीचं सगळं शास्त्र या तीन गावांत आलं.

आता तुमच्या घरचा हिशेब

चला, आता पेन काढा. फोनमधली नोट उघडली तरी चालेल.

चार माणसांचं घर आणि पंधरा दिवस, असं धरू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 350 ग्रॅम धान्य लागतं. म्हणजे चौघांचं मिळून 20 किलोच्या आसपास. बाजरी, ज्वारी, गहू, तांदूळ, जे तुम्ही रोज खाता तेच ठेवा. डाळी आणि कडधान्यं मिळून 5 किलो. त्यात मूगडाळ हवीच, कारण लवकर शिजते, गॅस वाचतो. हुलगेही ठेवा. भाजी मिळाली नाही तर माडगं आणि शेंगोळे कधी उपयोगाला येणार! तेल 2 लिटर, शेंगदाणे दीड-दोन किलो, गूळ-साखर मिळून 2 किलो, मीठ 1 किलो. तिखट, हळद, मसाला, चहा. वाळवणातल्या खारोड्या, कुरडया, सांडगे असतील तर सोन्याहून पिवळं.

एकटे राहत असाल तर याच्या पाव पट. 5 किलो धान्य आणि सव्वा किलो डाळ. एका मध्यम डब्यात आणि एका बरणीत मावेल एवढंच आहे हे. खोली लहान आहे ही सबब इथं चालत नाही.

गॅस संपला किंवा पेटवताच आला नाही, तर त्यासाठी दोन दिवसांचं न शिजवता खाण्यासारखं ठेवा. फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. आणि सातूचं पीठ. पाण्यात किंवा दुधात कालवून गूळ घातला की जेवण तयार.

पाण्याचं बघू. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला 5 लिटर. चौघांचे तीन दिवस म्हणजे 60 लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. पाणी गढूळ आलं तर तुरटीनं गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यासाठी पाणी चांगलं उकळलं पाहिजे, नाहीतर क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकलं पाहिजे.

मग औषधं. घरात कुणाला बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पट्टी संपेपर्यंत थांबू नका. पंधरा दिवसांच्या जादा ठेवा. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. सॅनिटरी पॅड ठेवा, आणि बाळ असेल तर त्याचं खाणं. साबण ठेवा. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

आणि आपल्या पिढीची खास अडचण. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय देशभर काही तास अडखळलं होतं, आठवतंय? चहाच्या टपरीवर दहा रुपये द्यायला लोकांकडं नोट नव्हती. म्हणून हजार-दोन हजार रुपये सुट्ट्या नोटांत घरात ठेवा. भरलेली पॉवर बँक आणि सेलचा टॉर्च ठेवा. आणि दहा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा. 112 हा आपत्कालीन मदतीचा, 108 रुग्णवाहिकेचा, 1077 जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा. आईचा नंबर तोंडपाठ आहे का तुम्हाला? खरं सांगा!

हे सगळं एका दिवसात आणू नका. दर आठवड्याला शंभर-दीडशे रुपयांचं काहीतरी जास्तीचं आणा. या आठवड्यात मूगडाळ, पुढच्या आठवड्यात तेल. तीन-चार महिन्यांत साठा उभा राहतो आणि खिशाला जाणवतही नाही.

साठा टिकवायचा कसा

इथं चुका होतात आणि काही चुका जिवावर बेततात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

धान्य भरायच्या आधी कडकडीत वाळवा. दाताखाली दाणा धरा. कट्‌कन फुटला तर वाळलाय, दबला तर अजून ओल आहे. ऊन दिलेलं धान्य गरम असताना कोठीत भरू नका, गार होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो.

बाजरी दाण्याच्या रूपातच साठवा. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, म्हणून पीठ आठ-पंधरा दिवसांत कडू होतं. दळण थोडं थोडं आणा.

किडीसाठी वाळलेला कडुलिंबाचा पाला, बियाण्याला राख, गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात. हे उपाय आजही चालतात. पण काही जण धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतात. मंडळी, राहत्या घरात हे अजिबात करू नका. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत धान्याच्या पोत्याशेजारी झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. ते काम प्रशिक्षित माणसांचं आणि गोदामातलं आहे.

शेंगदाण्याला किंवा मक्याला बुरशी दिसली तर धुऊन, भाजून खाऊ नका. बुरशीतलं विष भाजल्यानं जात नाही. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्यही खाऊ नका, कितीही जीव तुटला तरी.

कोठी जमिनीवर टेकवू नका. खाली विटा, फळी, पाट, काहीतरी घाला. तुमचं घर ओढ्याच्या, नदीच्या कडेला असेल तर पंधरा दिवसांचा हिस्सा झाकणाच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवा. रेशनकार्ड, आधार, सातबारा, बँकेची पासबुकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीही वर. आणि पेट्रोलचा कॅन घरात साठवू नका. ती बेगमी नव्हे.

डब्यावर मार्करनं तारीख लिहा. नवीन आणलेलं मागं, जुनं पुढं. आधी जुनं संपवायचं. म्हणजे साठा कधीच जुना होत नाही आणि वाया जात नाही. राहीबाईंच्या बियाण्याबद्दल मघाशी म्हणालो ना, ते हेच.

शेवटचं आणि महत्त्वाचं

काही जण म्हणतील, दादा, हे सगळं ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्यासाठी. बरोबर आहे. रोज संध्याकाळी मजुरी घेऊन त्यातूनच किलोभर पीठ आणि दहा रुपयांचं तेल नेणारं घर पंधरा दिवसांचं कुठून आणणार? त्याला बेगमीवर भाषण देणं बरं दिसत नाही.

पण म्हणूनच, ज्याला जमतं त्यानं ती आधीच केली पाहिजे. मघाशी सांगितलेली टाळेबंदीच्या रात्रीची रांग घ्या. त्या रांगेतल्या ज्या घरांना परवडत होतं, त्यांनी आदल्या तीन महिन्यांत थोडं थोडं आणून ठेवलं असतं, तर त्या रात्री त्यांना रांगेत उभं राहायचं कारणच नव्हतं. दुकानातला आटा तिसऱ्या दिवशीही फळीवर असता आणि उसने पाचशे घेऊन आलेल्या माणसाला मिळाला असता. तुमच्या घरातला शांत दिवसांतला डबा हा असा दुसऱ्याच्याही उपयोगी पडतो. दुकानदार पुन्हा माल भरून ठेवतो, कुणाचं काही कमी होत नाही. तीच खरेदी संकटाच्या रात्री केली की मात्र आपल्या मागं उभ्या असलेल्या कुणाचा तरी घास जातो.

म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, घरात मोजा. किती माणसं, किती दिवस, काय आहे, काय नाही. कोठीवर कागद चिकटवा. दुसरी, तुमच्या गल्लीत, सोसायटीत, रूमवरच्या मित्रांत राळेगणसारखं छोटंसं काहीतरी करता येतं का बघा. दहा घरांनी दोन-दोन किलो धान्य एका डब्यात ठेवलं तरी वीस किलो होतं. एका घराचे पंधरा दिवस निघतात. ज्याला लागेल त्यानं न्यावं, जमेल तेव्हा परत करावं. डबा कुठं ठेवायचा यावर भांडण होईल, ते मी गृहीत धरलंय. होऊ द्या. दुष्काळात भांडण्यापेक्षा मे महिन्यात भांडलेलं बरं.

आज घरी गेलात की आईला, आजीला विचारा, आपल्या घरात पूर्वी वर्षाचं धान्य कसं भरायचे, कुठं ठेवायचे, किती लागायचं. तिला मापटं, शेर, पायली अजून पाठ असतील. ती सांगत असताना रेकॉर्ड करून ठेवा, कारण हा साठाही फार दिवस राहणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि फोन चार्जिंगला लावा. नमस्कार.